तिसरं पान

रझिया गेल्याचं अस्लमला कळलं ते शुक्रवारी दुपारी, मस्कतच्या मत्रा बाजारातल्या एका सायबर कॅफेत. कुणी सांगितलं नाही. ‘खाडीकाठ’च्या तिसऱ्या पानावर त्याने ते स्वतः वाचलं.

‘खाडीकाठ’ हे रत्नागिरीचं आठ पानी साप्ताहिक. बुधवारी छापून निघायचं, गुरुवारी गावोगाव पोचायचं. ही गोष्ट २००३ सालची, आणि त्याआधी दोन वर्षांपासून हा पेपर इंटरनेटवरही दिसायला लागला होता. मराठी अक्षरं तेव्हा परक्या कॉम्प्युटरवर नीट उमटत नसत, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून ऑफिसातली मुलगी छापलेल्या पानाचं अख्खं चित्रच काढून साइटवर चढवायची. चित्र जड आणि लाइन मंद, त्यामुळे पान वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. आधी पेपराचं नाव, मग तारीख, मग मथळे. अस्लमला त्याची घाई नसायची. तो बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगवर इंजिन ड्रायव्हर होता, आठवडाभर इंजिनाचा आवाज ऐकून कान किटलेले असायचे. शुक्रवारी जुम्याची नमाज, मग जेवण, मग कॅफेत बसून ‘खाडीकाठ’, आणि संध्याकाळी रत्नागिरीजवळ पावसला घरी फोन, असा त्याचा क्रम होता.

फोनवर नवरा-बायकोचं बोलणं पेपरावरूनच सुरू व्हायचं. रझिया नाटे गावची, तिथल्या मराठी शाळेत शिकलेली. पावसच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच बायका उर्दू शाळेतल्या. त्यामुळे गुरुवारी दुपारी रझियाच्या पडवीत बायका जमायच्या आणि ती त्यांना पेपर वाचून दाखवायची. वाचता वाचता मध्ये स्वतःचं घालायची. बंदर खात्याच्या साहेबाने काय आश्वासन दिलं ते वाचायची आणि तो साहेब गेल्या वर्षी काय म्हणाला होता तेही सांगायची. सुरुवात मात्र तिसऱ्या पानापासून. निधनाच्या बातम्या तिसऱ्या पानावर असत.

“आधी कोण गेलं ते बघावं, मग कोण निवडून आलं ते,” ती म्हणायची.

त्या बातम्यांत प्रत्येक मेलेला माणूस मनमिळाऊ असायचा, त्याचं तिला हसू यायचं. “आपल्या जिल्ह्यात भांडखोर माणूस मरतच नाय वाटतं,” असं तिने एकदा फोनवर म्हटलं होतं, आणि अस्लम बूथमध्ये एकटाच हसत उभा राहिला होता.

त्या शुक्रवारी तिसरं पान असंच उतरत आलं. वर गोळपच्या एका निवृत्त मास्तरांची बातमी होती. तिच्याखाली पावस हे गावाचं नाव आलं. मग एक ओळ आली. मोहल्ल्यातील रझिया अस्लम होडेकर, वय सत्तेचाळीस, यांचे रविवारी पहाटे हृदयविकाराने निधन झाले. पुढची ओळ यायला वेळ लागला. त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, मुलगी, जावई, भाऊ असा परिवार आहे.

अस्लमने ते पुन्हा वाचलं. पती म्हणजे आपण, हे कळायला त्याला तिसऱ्यांदा वाचावं लागलं.

रविवारी रात्री शरफुद्दीनचा फोन आला होता. शरफुद्दीन म्हणजे रझियाचा धाकटा भाऊ शरफू. “दुलाभाई, आपाला जरा बरं नाय. रत्नागिरीला अ‍ॅडमिट केलंय. काळजीचं कारण नाय, पण सुट्टी मिळाली तर निघून या.” अस्लमने लगेच सुट्टी मागितली आणि शुक्रवारच्या रात्रीच्या विमानाचं तिकीट काढलं. मधल्या दिवसांत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा शरफूने सांगितलं की हॉस्पिटलात फोन नेऊ देत नाहीत, पण आता बरं आहे. दुसऱ्या वेळी तर म्हणाला, “आज मोसंबीचा रस घेतला.”

आखातात असलेल्या माणसाला मयताची खबर फोनवर द्यायची नाही, हा मोहल्ल्याचा रिवाजच होता. आजारी आहे म्हणायचं, बोलावून घ्यायचं, घरी माणसांत आणायचं आणि मग सांगायचं. अस्लमने स्वतः दोघातिघांच्या बाबतीत तसं केलं होतं. त्यामुळे त्याला शरफूचा राग आला नाही.

कॅफेवाला मलबारी पोरगा येऊन म्हणाला, “चाचा, टाइम खतम. और चाहिए?”

“नहीं,” अस्लम म्हणाला आणि उठला. बाहेर ऊन होतं. दुकानं बंद होती. तो एका मिटलेल्या दुकानाच्या पायरीवर बसला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण त्याआधी दुसरीच गोष्ट मनात आली आणि तो ताडकन उभा राहिला.

इरम.

इरम त्याची एकुलती मुलगी. नवरा अद्नानबरोबर दोहाला राहायची. तिला नववा महिना लागला होता. आधीचं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि या खेपेला डॉक्टरांनी तिला जपून राहायला सांगितलं होतं. तिच्या घरात कॉम्प्युटर होता. ‘खाडीकाठ’ तीही वाचायची. इंटरनेटवर पेपर येतो हे मुळात तिनेच अस्लमला सांगितलं होतं. तिने पान उघडलं तर तिला हे असंच कळणार, घरात एकटी असताना, ओळीमागून ओळ.

अस्लम टेलिफोनच्या बूथकडे जवळजवळ धावत गेला. आधी त्याने ‘खाडीकाठ’च्या ऑफिसचा नंबर फिरवला. नंबर पेपरावर असायचा, त्याला पाठ होता. घंटा वाजत राहिली. शुक्रवारी ऑफिसला सुट्टी असते हे त्याला मागून आठवलं. मग त्याने दोहाचा नंबर लावला.

“अब्बा!” इरमने लगेच उचलला. “आज लवकर फोन केलात?”

आवाज चांगला होता. अस्लमने भिंतीला टेकून श्वास घेतला.

“आज रात्री निघतो ना, म्हणून. अम्मीला जरा बरं नाही.”

“हो, मामू बोलला. जाऊन या तुम्ही. बरी होईल ती.”

“तू काळजी करू नको.”

“नाही करत. तुम्ही पण करू नका. जेवलात?”

“जेवलो. इरम, तू आज कॉम्प्युटरवर बसलीस काय?”

ती म्हणाली, “कॉम्प्युटर बिघडलाय, अब्बा. अद्नानने दुकानात दिलाय दुरुस्तीला. का?”

“काही नाही. डोळ्यांना त्रास होतो म्हणून विचारलं.”

“आणि तुम्ही? गेला होतात आज, पेपर वाचायला?”

“नाही गं. कॅफे बंद होता. आवराआवर करायची आहे.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “म्हणजे, बरं केलंत. आराम करा.”

फोन ठेवल्यावर अस्लमला हायसं वाटलं. कॉम्प्युटर बिघडला ही अल्लाची मेहेरबानी. पण दुकानातून तो उद्याही परत येऊ शकतो. पान साइटवरून काढून घेतलं पाहिजे, ते ऑफिस उघडल्या उघडल्या. विमानात, नंतर मुंबईहून निघालेल्या गाडीत, तो दुसरं काही मनात येऊच देत नव्हता. आलं की तो पुन्हा पानाकडे वळायचा.

शनिवारी संध्याकाळी रत्नागिरी स्टेशनवर शरफू उभा होता. दाढी वाढलेली, पण तोंडावर हसू आणलेलं. बरोबर पावसचाच गंगाराम, त्याची जीप घेऊन.

“प्रवास बरा झाला ना?” शरफूने बॅग घेतली.

“झाला. कशी आहे?”

“हाय. जरा अशक्तपणा हाय.”

जीप शहरातून खाली उतरली. गंगाराम एरवी तोंड बंद न ठेवणारा माणूस, पण आज नुसता समोर बघून गाडी चालवत होता. भाट्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा शरफू खाकरला.

“दुलाभाई, काल रात्री जरा जास्त झालं तिला. छातीत दुखायला लागलं.”

“शुगर पण वाढली,” गंगारामने मदत केली.

“शुगर नव्हती तिला,” अस्लम म्हणाला.

“तेच. अचानक वाढली.”

शरफूने गंगारामकडे रागाने बघितलं. पुढे चढण लागली. कलमांच्या बागा सुरू झाल्या. शरफू पुन्हा खाकरला. “डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काय सांगता येत नाय. आम्ही तिला घरी आणली. म्हटलं, घरात बरं.”

स्टेशनवर अशक्तपणा, पुलावर छातीत दुखणं, चढणीवर डॉक्टरांनी हात टेकणं. गोळप येईपर्यंत सिरियस होणार आणि पावसच्या फाट्यावर सांगणार. अस्लमला तो सगळा रस्ता माहीत होता. चार वर्षांपूर्वी कुवेतहून आलेल्या एका चुलतभावाला याच रस्त्याने आणताना त्याने स्वतः टप्पे पाडले होते. आता समोरच्याला किती जड जातंय ते त्याला बाजूला बसून दिसत होतं. शरफूचं ते खोटं हसू केव्हाच उतरलं होतं. शेवटी सख्खी बहीण त्याचीच गेली होती.

“शरफू, राहू दे,” अस्लम म्हणाला. “मला ठाऊक आहे.”

“काय?”

“रविवारी पहाटे गेली. पेपरात वाचलं.”

गंगारामने जीप बाजूला घेऊन उभी केली. शरफूने तोंड ओंजळीत घेतलं आणि आठवडाभर धरून ठेवलेलं सगळं सोडून दिलं. अस्लमने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचे स्वतःचेही डोळे भरून आले, आणि या दोघांसमोर ते पुसायची त्याला गरज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने शरफूने नाक पुसलं. “पण पेपर मस्कतला आला कसा? कोण घेऊन आला? त्याला बघतो मी.”

“कोणी नाही आणला. तिथे कॉम्प्युटरवर दिसतो.”

“कोणता पेपर?”

“खाडीकाठ.”

“खाडीकाठमधे तर मीच दिली बातमी!” शरफू ओरडला. “तिसऱ्या दिवशी जियारत झाल्यावर जाऊन दिली. म्हटलं, नाट्याच्या लोकांना कळायला हवी. मस्कतला पाठवायला कोणी सांगितलं होतं यांना?”

“इरम पण तोच वाचते,” अस्लम म्हणाला.

शरफू हळूच म्हणाला, “तिला तर आम्ही बाळंतपणानंतरच सांगायचं ठरवलंय. चाळीस दिवस गेल्यावर.”

“तिचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून वाचलो. उद्या सकाळी आधी ऑफिसात जायचं.”

रात्री घरी माणसं येत-जात राहिली. सकाळी फजरनंतर अस्लम कब्रस्तानात जाऊन आला. ओली माती बसायला लागली होती. त्याने फातिहा पढला आणि तो तिथे जास्त थांबला नाही. आठाच्या एस.टी.ने तो आणि शरफू रत्नागिरीला निघाले. घरी बायका म्हणाल्या, माणसं भेटायला येणार, आज कुठे निघालात? पण अस्लमला घरात बसवेना.

‘खाडीकाठ’चं ऑफिस धनजी नाक्याच्या मागे, एका दुकानाच्या वर. संपादक हरिश्चंद्र साळवी खुर्चीत बसून गठ्ठ्यांना पत्ते चिकटवत होते. साठी उलटलेले, पंचवीस वर्षं हाच पेपर चालवणारे. पलीकडे कॉम्प्युटरवर समीक्षा शिवलकर बसली होती. बातम्या टाइप करायची, पानं लावायची आणि साइटही बघायची ती हीच.

अस्लमने नाव सांगितल्याबरोबर साळवी उठून उभे राहिले. “बसा, अस्लमभाई. फार वाईट झालं.”

“आम्ही बसायला नाय आलो,” शरफू म्हणाला. “मी बातमी पेपरात दिली होती. कॉम्प्युटरात दिली नव्हती!”

“अरे, एकच पेपर आहे तो.”

“एकच कसा? पेपर पावसला येतो. हा मस्कतला जातो.”

“मस्कतला जातो, दमामला जातो, नैरोबीला पण जातो,” साळवी म्हणाले. “मलाही हल्ली कळत नाही तो कुठे कुठे जातो. आधी लोकांची पत्रं यायची, त्यातली मी निवडून छापायचो. आता साइटवर खाली लोक आपापलं लिहून मोकळे होतात. संपादक झोपला काय, जागा काय. पण बातमी तुम्हीच दिलीत ना? मग राग आमच्यावर का?”

“तुम्ही विचारायला हवं होतं!”

“काय विचारायला हवं होतं? मयत कुठे कुठे कळवायचं नाही, ते?”

“हो, तेच!”

“शरफू, गप,” अस्लम म्हणाला. त्याने समीक्षाकडे वळून सगळं सांगितलं. मुलगी दोहाला आहे, दिवस भरलेत, आधीचं एक गेलंय. तिने वाचायच्या आत पान काढून टाका. “नंतर पुन्हा लावलंत तरी चालेल. तिची सुटका होऊ दे फक्त.”

समीक्षाने साळवींकडे बघितलं, पुन्हा अस्लमकडे बघितलं.

“काका, पान तर मी गुरुवारी संध्याकाळीच काढलं.”

“कसं काढलं? मी शुक्रवारी वाचलं.”

“तिथे मस्कतला आधी कोणीतरी उघडलं असेल. एकदा उघडलेलं पान तिथल्या इंटरनेट कंपनीचं मशीन कधी कधी जपून ठेवतं. तुम्हाला ते जुनं दिसलं असेल. आमच्याकडून गेलं नाही.”

“पण काढायला कोणी सांगितलं? शरफू, तू?”

“मला काय ठाऊक ते चढवतात कुठे आणि काढतात कुठे?”

समीक्षा खुर्चीतच जरा पुढे सरकली. “त्या म्हणाल्या होत्या, कुणाला सांगू नका. पण आता… काका, दोहाहून फोन आला होता. एका बाईंचा. रडत नव्हत्या, पण आवाज बसला होता. म्हणाल्या, माझे अब्बा मस्कतला असतात, दर शुक्रवारी तुमचा पेपर वाचतात. तिथे त्यांच्याजवळ आपलं कोणी नाही. त्यांना असं कळायला नको. ते घरी पोचेपर्यंत तिसरं पान काढून ठेवाल का?”

अस्लम जवळच्या गठ्ठ्यांवर बसला. साळवी म्हणाले, “अहो, खुर्ची घ्या,” पण त्याला ऐकू आलं नाही. टगचं इंजिन दिवसभर चालवून बंद केलं की कानांत एकदम जी शांतता पडायची, तसं काहीतरी झालं होतं. जे तिला कळू द्यायचं नाही म्हणून तो दोन दिवस झोपला नव्हता, ते इरमला त्याच्याआधी ठाऊक होतं. आणि तिचा आवाज चांगला होता. तिने त्याला जेवलात का म्हणून विचारलं होतं.

“इथूनच लावा,” साळवींनी फोन त्याच्यासमोर सरकवला.

“हॅलो?” इरम म्हणाली.

“कॉम्प्युटर दुरुस्त झाला काय?”

पलीकडून बारीक आवाजात, “अब्बा, कुठून बोलताय?”

“साळवींच्या ऑफिसातून.”

“मग त्या बाईने सांगितलं. मी तिला किती बजावलं होतं.”

“तू बरी आहेस ना? खरं सांग.”

“बरी आहे. खरंच. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन आले. बाळ चांगलं आहे, लाथा मारतंय.” मग ती सांगू लागली. “मी दुपारी वाचलं. अद्नान कामावर होता. शेजारी मंगलोरच्या एक खाला राहतात, त्यांना हाक मारली. त्या रात्रीपर्यंत माझ्याजवळ बसल्या. मग मी मामूला लावणार होते, पण म्हटलं, मामू मला तर अम्मीला बरं नाही एवढंच सांगतोय. म्हणजे तुम्हाला पण तेच सांगत असणार. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार.”

“अगं, मला सांगायचं.”

“कसं सांगणार? मला इथे माणसं होती. तुम्हाला तिकडे कोण? आणि तुम्ही फोनवर इतकं चांगलं बोललात, मला वाटलं, पान वेळेवर निघालं.”

“मला वाटलं, तुझा कॉम्प्युटर खरंच बिघडला.”

ती हसली. हसताना नाक ओढल्याचा आवाज आला. “अब्बा, मामूने बुधवारी काय सांगितलं माहीत आहे? अम्मीने मोसंबीचा रस घेतला.”

“मला पण तेच सांगितलं.”

“एकच रस दोघांना पाजला त्याने!”

अस्लमला हसू आलं, आणि हसता हसताच तो रडायला लागला. शरफू जमिनीकडे बघत उभा होता. त्याने खिशातून रुमाल काढून अस्लमच्या हातात दिला. समीक्षाने उगाचच कीबोर्डवरची धूळ पुसली.

फोन ठेवल्यावर साळवींनी खालून चहा मागवला. चहा घेताना समीक्षा म्हणाली, “काका, अजून एक दाखवायचं होतं. पान काढलं, पण खाली लोकांनी लिहिलेलं तसंच राहिलंय. गुरुवारी दुपारपर्यंत पुष्कळांनी वाचलं होतं.”

इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी होती. समीक्षाने वाचून दाखवली. दमामहून नाट्याची एक बाई लिहीत होती, रझिया आणि मी एका बाकावर बसायचो. शारजाहून कोणीतरी लिहिलं होतं, आमच्या आईला त्या पेपर वाचून दाखवायच्या, आता कोण दाखवेल. मग शुक्रवारपासून सूर बदलला होता. पान कुठे गेलं? काढलं म्हणजे बातमी खोटी असणार. एकाने ‘खाडीकाठ’ला शिव्या दिल्या होत्या की जिवंत माणसाला मारता. दुसऱ्याने त्याला उलट शिव्या दिल्या होत्या. आणि दमामच्या त्याच बाईने पुन्हा लिहिलं होतं, अल्ला करो आणि खोटी असो.

अस्लमने कप खाली ठेवला. ही बाई आज तिसरा दिवस आशेवर बसली असेल, हे त्याच्या लक्षात आलं.

“पान परत लावा,” तो म्हणाला. “आणि खाली माझ्याकडून लिहा. बातमी खरी आहे. मी तिचा नवरा. मी घरी पोचलो. मुलीला कळलं आहे आणि ती बरी आहे.”

समीक्षाने टाइप केलं. “अजून काही?”

“हो,” अस्लम म्हणाला. “लिहा, ती मनमिळाऊ होती, पण भांडायची पण.”

“असं आपण लिहीत नाही, अस्लमभाई,” साळवी म्हणाले. “निधनाच्या बातमीत बरं दिसत नाही.”

“मग पेपरात नका देऊ,” शरफू मध्येच म्हणाला. “कॉम्प्युटरात द्या.”

साळवींनी हात वर केले. समीक्षाने टाइप केलं.

पुढच्या आठवड्यापासून ‘खाडीकाठ’मध्ये कोणी निधनाची बातमी घेऊन आलं की समीक्षा विचारायची, “बाहेर कोण कोण आहे? त्यांना कळवलंत का?” लोकांना आधी ते विचित्र वाटायचं, मग ते विचार करून सांगायचे. कोणी म्हणायचं, पेपरात द्या, साइटवर शनिवारनंतर चढवा. त्यातून नवाच घोटाळा झाला. एका गुरुवारी सात पानं दिसली आणि तिसरं दिसलं नाही, तेव्हा अर्ध्या आखातातून लोकांनी घाबरून घरी फोन लावले. साळवी म्हणाले, आता न छापलेल्या बातमीचीही बातमी होते, मी काय करू? समीक्षा यावर काय करावं याचा विचार करत होती.

इरमची सुटका त्याच महिन्यात झाली. मुलगी झाली, नाव झारा. पहाटे अद्नानचा फोन आला तेव्हा अस्लमने दोनदा विचारलं, “खरं सांगतोस ना? इरम बरी आहे ना?” अद्नान म्हणाला, “अब्बा, थांबा,” आणि त्याने फोन इरमच्या कानाला लावला. इरम म्हणाली, “मोसंबीचा रस घेतला,” आणि मग पोरीच्या रडण्यात तिचं पुढचं काही ऐकू आलं नाही. अस्लम फोन धरून ते रडणं ऐकत बसला. त्या दिवशी तो दुपारी जेवून आडवा झाला तो संध्याकाळच्या मगरिबपर्यंत झोपला. शरफूने त्याला उठवलं नाही.

रझियाचं चाळिसावं झाल्यावर अस्लम मस्कतला परतला. इरमला पोर थोडी मोठी झाल्याशिवाय प्रवास करता येणार नव्हता, आणि त्याची पुढची सुट्टी वर्षानंतर होती. फोनवर दोघं दर शुक्रवारी बोलायची. समोरासमोर बसून रझियाबद्दल बोलायचं मात्र अजून राहिलं होतं.